टिळकवाडीतील श्रवणसत्र: गाणे थोडे, भांडण फार

अठराव्या शतकातील इटालियन ऑपेरा गायिका फ्रान्चेस्का कुझोनी हिच्यावरील एक सशुल्क श्रवणसत्र नुकतेच टिळकवाडीत झाले. ख्याल आणि नाट्यसंगीतावर पोसलेल्या बेळगावकर श्रोत्यांपुढे हा विषय मांडणाऱ्या आयोजकांचे कौतुक करायलाच हवे. मात्र दोनशे रुपयांच्या तिकिटात तिच्या गाण्यापेक्षा तिच्या भांडणाचा वाटा मोठा निघाला.

सुरुवात उत्तम होती. १६९६ मध्ये पार्मा येथे जन्मलेली कुझोनी जानेवारी १७२३ मध्ये संगीतकार हँडेलच्या ‘ओत्तोने’ या ऑपेरातून लंडनच्या रंगभूमीवर आली. आपल्या वाट्याचे पहिलेच पद फार साधे आहे म्हणून ती ते गाईना, तेव्हा हँडेलने तिला खिडकीबाहेर फेकण्याची धमकी दिली, असे सांगतात. त्याच पदाने तिचे नाव झाले. वक्त्यांनी ते लगेच ऐकवले (आवाज अर्थातच आजच्या गायिकेचा) आणि तानांची आतषबाजी नसतानाही केवळ स्वरलगावावर पद कसे उभे राहते, ते श्रोत्यांच्या लक्षात आले.

हँडेलच्याच ‘जूलिओ चेझारे’मधील क्लिओपात्रा (१७२४) आणि ‘रोदेलिंदा’ (१७२५) यांतील पदांच्या निमित्ताने पदाची घडणही नीट उलगडली: पहिला भाग, मग वेगळ्या भावाचा मधला भाग आणि पुन्हा पहिलाच भाग, पण या खेपेस गायिकेने स्वतःच्या अलंकारांनी सजवलेला. रोदेलिंदाच्या भूमिकेतील तिचा रुपेरी कशिद्याचा तपकिरी रेशमी पोशाख लंडनच्या स्त्रियांनी उचलला, हे ऐकून बालगंधर्वांच्या साड्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेली ज्येष्ठ मंडळी गालात हसली.

पुढे मात्र तोल गेला. प्रतिस्पर्धी गायिका फाउस्तिना बोर्दोनी हिच्याशी असलेल्या वैराची कथा वक्त्यांनी फार ताणली. जून १७२७ मध्ये संगीतकार बोनोन्चिनीच्या ‘आस्तियानात्ते’ या ऑपेराच्या प्रयोगात, राजकन्या कॅरोलिन उपस्थित असताना, दोन्ही बाजूंच्या चाहत्यांनी गोंधळ घातला; गायिकांच्या प्रत्यक्ष मारामारीची वर्णने उपहासपर पुस्तिकांनी रंगवली. घडलेले आणि रंगवलेले यांतला हा फरक वक्त्यांनी स्पष्ट करायला हवा होता. उलट १७५१ मधील लंडनची अखेरची मैफल, कर्जबाजारीपण आणि बोलोन्यातील दारिद्र्य दोन वाक्यांत उरकले.

इटालियन पदांचा मराठी भावार्थ छापून दिला असता, तर मागच्या रांगांनाही पदांचा धागा धरता आला असता. ध्वनिक्षेपकाचा आवाज तिथे फाटत होता, तेव्हा अशा सत्राला जाणाऱ्यांनी पुढची जागा धरावी.