सेन्सर पेव्हर: स्क्रीड उत्तम, हॉपरवर मात्र लक्ष हवं

डांबरी रस्ता सपाट करतो तो रोलर, असं बघणाऱ्याला वाटतं. रोलर थर दाबतो. सपाटी त्याआधीच पेव्हरच्या, म्हणजे गरम डांबरी माल पसरवणाऱ्या यंत्राच्या, स्क्रीडखाली (मागच्या जड पाटीखाली) ठरून गेलेली असते. त्यामुळे सेन्सर पेव्हर (थराची उंची सेन्सरने सांभाळणारा) विकत घ्या वा भाड्याने आणा, इंजिनाच्या ताकदीआधी स्क्रीड तपासा.

या यंत्राची सगळी करामत स्क्रीडमध्येच आहे. तापवलेली ही जड पाटी यंत्राला घट्ट जखडलेली नसते. टो आर्म नावाचे दोन लांब दांडे तिला यंत्रामागे ओढत नेतात आणि ती गरम मालावर तरंगते. पुढची कड किंचित उचललेली असल्यामुळे माल खाली शिरून तिला वर रेटतो, तिचं वजन खाली दाबतं, आणि दोन्हींचा तोल बसला की जाडी स्थिर राहते. यंत्राचं चाक उंचवट्यावर चढलं तरी पाटी लगेच उसळत नाही. टो पॉइंट (आर्म यंत्राला जोडलेली जागा) वरखाली झाल्याचा पूर्ण परिणाम उतरायला आर्मच्या साधारण पाचपट अंतर जावं लागतं. 3 मीटरचा आर्म असेल तर 15 मीटर. जुन्या रस्त्याचे बारीक चढउतार त्यातच जिरतात.

जाडीचा हँडल सारखा फिरवणारा ऑपरेटर रस्ता बिघडवतो तो इथेच. पहिला बदल उतरायच्या आत तो दुसरा करतो आणि रस्त्यावर लाटा येतात. 9 मीटरच्या बीमवरचा (लांब दांडीवरचा) सेन्सर हे काम कितीतरी शांतपणे करतो, कारण तो लांब पट्ट्याची सरासरी उंची धरून चालतो. सुरुवातीला टो पॉइंट वरखाली करणारे सिलिंडर मधोमध ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना वाव राहतो. सेन्सर चालू असताना हँडलला हात लावू नका.

स्क्रीडपुढे माल आडवा पसरवणाऱ्या ऑगरजवळ (फिरत्या स्क्रूजवळ) माल योग्य पातळीवर राखणारे फीड सेन्सर आम्हाला सर्वांत उपयोगी वाटले. पूर्ण रुंदीत माल ऑगरच्या निम्म्यापर्यंत हवा. वाढला की स्क्रीड वर उचलली जाते, घटला की खाली बसते.

हॉपर, म्हणजे टिपर ज्यात माल ओततो तो यंत्राचा पुढचा भाग, मात्र त्रासदायक. त्याच्या पंखांत (बाजूच्या मिटणाऱ्या भिंतींत) जाडी खडी आणि थंड झालेला माल साचतो. दर टिपरनंतर पंख मिटले की तोच माल एकदम रस्त्यात जातो, तिथे भुरभुरीत ठिगळ उठतं आणि पुढे खड्डा पडतो. पंख शक्यतो मिटू नयेत आणि माल मागे नेणाऱ्या कन्व्हेयरच्या पट्ट्या उघड्या दिसेपर्यंत हॉपर रिकामा होऊ देऊ नये. टिपर पेव्हरला धडकला तर आडवा उंचवटा उमटतो. टिपरने जरा अलीकडे न्यूट्रलमध्ये थांबावं, पेव्हरने पुढे येऊन त्याला ढकलत न्यावं.

वेग डांबरी माल बनवणाऱ्या प्लांटच्या पुरवठ्याशी जुळवा. मिनिटाला 3 ते 5 मीटर अखंड चालणं हे 8 मीटरने धावून पुढच्या टिपरची वाट बघण्यापेक्षा कधीही चांगलं. यंत्र थांबलं की स्क्रीड खाली बसते, पुढचा माल थंड होतो, आणि तिथे उमटलेला चढउतार रोलरनेही जात नाही.

गॅस बर्नरपेक्षा विजेवर तापणारी स्क्रीड आम्ही पसंत करू. गॅसची उष्णता एकसारखी पसरत नाही आणि जास्त तापवलं तर पाटी वाकते. पण थंड पाटीने सुरुवात केली तर माल तिला चिकटून थर फाटतो, म्हणून आधी तापवणं टाळता येत नाही.

दाबल्यावर थर बसतो, याचा हिशेब आधीच धरा: 50 मिमी हवा असेल तर सैल थर साधारण 60 मिमी ठेवा, मग रोलिंगनंतर मोजून दुरुस्त करा. टॅम्पर (माल ठोकून दाबणारी पट्टी) असलेली स्क्रीड थर आधीच बराच दाबते, तिथे हा फरक कमी लागतो.

जुनं यंत्र घेताना पाटीखाली आडवी दोरी ताणून झीज बघा. एक्स्टेंशनची (रुंदी वाढवणारी) पाटी मुख्य पाटीच्या लेव्हलला नसेल तर रस्त्यावर उभी रेघ येते. समायोजनाचे स्क्रू गंजून अडकलेले असतील तर ती रेघ काढताच येणार नाही.