कान वाजतोय, डोक्यात करंट मारतोय: आधी कुणाकडं जायचं?

दोन्ही त्रास रात्री पडल्या पडल्याच येतात म्हणून बरेच जण एकच आजार धरतात आणि एकाच डॉक्टरकडं दोन्हीचं औषध मागतात. माझं मत विचाराल तर दोन्हीचे हिशोब वेगळे ठेवा.

कानाचं आधी. सतत कुईं वाजण्यामागं बऱ्याचदा ऐकू कमी येणं असतंय, बेळगावच्या वडगाव-शहापूरात पॉवरलूमवर आयुष्य काढलेल्यांना हे सांगायला नकोच. म्हणून ईएनटीकडं (कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं) जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, मगच गोळ्या की मशीन ते ठरवा. बेटाहिस्टिन ही चक्करेची गोळी टिनिटसवर, म्हणजे कान वाजण्यावर, देऊ नका असं ब्रिटनच्या नाइस या सरकारी आरोग्य संस्थेची 2020 ची गाइडलाइन सरळ सांगते, जिंको बिलोबा या झाडपाल्याच्या औषधाला अमेरिकेतल्या ईएनटीवाल्यांनी 2014 मध्येच नको म्हटलंय, तरी स्ट्रिपा विकल्या जातातच. ऐकू कमी असेल तर माझा पैसा हिअरिंग एडवर, बाहेरचं नीट ऐकू आलं की आतला आवाज मागं पडतोय. ऐकू नीट असेल तर पंखा नाहीतर मोबाइलवर पावसाचा आवाज, तोही हळू (खानापूरवाल्यांना पावसाळाभर फुकटच की). सीबीटीनं (विचार-सवयी बदलायला शिकवणारे बोलून करायचे उपचार) आवाज जात नाही पण त्याचा जाच कमी होतो, आणि पुरावा त्याच्याच बाजूनं चांगलाय. फक्त बेळगावात विचारा नाहीतर धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्याच्या दवाखान्यात, मराठीत बोलणारं कोण आहे ते आधी बघा, रात्री दोन वाजता मनात काय येतं ते तोडक्या कन्नडात सांगता येत नाही.

आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल तर तपासणी लांबवू नका. अचानक ऐकू यायचं बंद झालं तर त्याच दिवशी जा, स्टेरॉइडचा उपयोग लवकर दिले तरच.

आता झटके. डोळे बाजूला फिरवले की डोक्यात करंट मारल्यासारखं होत असेल तर कानाचे ड्रॉप्स सोडा, डिप्रेशनची गोळी चुकली किंवा बंद केली का ते बघा. पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन अंगातून लवकर उतरतात म्हणून त्यांचे झटके जास्त, फ्लुओक्सेटिन सावकाश उतरते म्हणून कमी. आपल्याकडं डॉक्टर मिरज-कोल्हापूरचा, स्ट्रिप संपली की पुढच्या फेरीपर्यंत तसंच काढायचं, आणि तिथंच घोळ होतोय. दात-ओठ खाऊन सहन करायचं की डॉक्टरला सांगून परत गोळी चालू करून हळूहळू उतरायचं, तर मी दुसरंच निवडीन, शेवटच्या छोट्या डोसला तर आणखी सावकाश. गोळ्या नसताना झोप लागता लागता डोक्यात धडाम होत असेल तर ते बहुतेक निरुपद्रवी असतं, पण अंग आखडलं, शुद्ध गेली, जीभ चावली गेली तर न्यूरोलॉजिस्ट.

झोपेविना जीव नकोसा झाला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 रात्रीही चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

एकाच ठिकाणी जाणं जमत असेल तर? गोळी नुकतीच सुटली असेल तर जाऊ पण नका, ज्यानं लिहून दिली त्याला आजच फोन लावा, ऑडिओमेट्री पुढच्या आठवड्यात केली तरी चालतंय.