फॉक्स ४० क्लासिक शिट्टी: सांगलीतल्या एका रेफ्रीच्या हातात आठ वर्षं

मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी हिशेब लिहितो, राहायला गावभागात आहे आणि रविवारी फुटबॉलचे सामने घेतो, रेफ्री म्हणून. मानधन मिळतं ते पेट्रोलला आणि चहा-भडंगाला पुरतं. बूट, घड्याळ, मोजे यांवर बरेच पैसे गेले आणि त्यातलं काहीच दोन-तीन वर्षांपलीकडे टिकलं नाही. टिकली ती एकच वस्तू. तिच्याबद्दल नव्या रेफ्रींना कुणी नीट सांगत नाही, म्हणून लिहितोय.

आधी माझ्याबद्दल थोडं, कारण शिट्टी कशासाठी लागते ते त्याशिवाय कळायचं नाही. एकतिसाव्या वर्षापर्यंत मी लेफ्ट बॅक, म्हणजे बचावात डावीकडं, खेळलो. मग गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, मिरजेत ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पळायला हरकत नाही, पण टॅकल आता विसरायचं. त्यानंतर दोन सीझन मी मैदानाच्या रस्त्यानं जायचंसुद्धा टाळलं. आपली माणसं आत खेळतायत आणि आपण दुचाकीवर बसून बघतोय, हे मला सोसत नव्हतं. एका रविवारी ठरलेला रेफ्री आलाच नाही. आमचा जुना गोलकीपर येऊन म्हणाला, “तुला नियम पाठ हाईत. उभा ऱ्हा की.” त्यानं कुणाची तरी शिट्टी माझ्या हातात दिली. नव्वद मिनिटं मी परत मैदानाच्या मधोमध होतो. बॉल पायाला लागला नाही एवढंच. घरी आलो तेव्हा बायको म्हणाली, “आज चेहरा निराळाच दिसतोय तुमचा.”

पहिली तीन वर्षं मी दुकानात मिळणारी साधी, पत्र्याची, आत बुचाचा दाणा असलेली शिट्टी वापरली. शाळेत पीटीचे सर वापरायचे तीच. कोरड्या हवेत ती छान वाजते, तिचा तो फिरता घरंगळता आवाज कानाला गोडही लागतो. पण बूच पाणी पितं. पावसाळ्यात दाणा फुगतो, थुंकी आणि चिखल आत जातो आणि नेमक्या वेळी दाणा चिकटून बसतो. घाबरून जोरात फुंकलं तर आणखीच अडकतो.

२०१७च्या जुलैमध्ये मिरजेत एका सामन्यात हेच झालं. सेकंड हाफ, पाऊस आडवा लागलेला, शून्य-शून्य. पेनल्टी बॉक्समध्ये बॅकनं फॉरवर्डला मागून सरळ पाडलं. मी दहा पावलांवर होतो, मला स्वच्छ दिसलं. शिट्टी तोंडाला लावली आणि आतून फक्त हवा आली. पुन्हा फुंकलं, पुन्हा हवा. मी दोन्ही हात वर करून ओरडतोय आणि त्या पावसात कुणाला काही ऐकू येत नाहीये. बॅकनं बॉल लांब मारला, पुढं त्यांचा विंगर एकटाच होता, त्यानं गोल केला. अर्धं मैदान नाचायला लागलं. फाऊल मी पाहिला होता, निर्णय झाला होता, म्हणून गोल रद्द करून दुसऱ्या टोकाला पेनल्टी दिली. निर्णय बरोबर होता. पण नाचणाऱ्या पोरांना तो कसा पटावा? सतरा-अठरा वर्षांचा तो विंगर माझ्यासमोर उभा राहून रडत होता. “सर, शिट्टी कुठं वाजली?” त्याला द्यायला माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढच्याच महिन्यात फॉक्स ४० मागवली. पाचशेच्या आसपास पडली. एका शिट्टीला पाचशे? घरी सांगताना मलाही जड गेलं.

हिच्या आत दाणाच नाही. हलणारा, फिरणारा एकही भाग नाही. रॉन फॉक्सक्रॉफ्ट नावाच्या कॅनडातल्या बास्केटबॉल रेफ्रीवर १९८४ साली ब्राझीलमध्ये माझ्यासारखीच वेळ आली होती. ऑलिंपिकआधीचा सामना, खचाखच भरलेलं स्टेडियम, समोर फाऊल आणि शिट्टीतला दाणा अडकलेला. घरी परतल्यावर त्यानं बिनदाण्याच्या शिट्टीचा ध्यास घेतला आणि १९८७ साली इंडियानापोलिसच्या पॅन अमेरिकन खेळांत ती मैदानात उतरली. नावातलं ‘फॉक्स’ त्याच्या आडनावातलं आणि ‘४०’ ती तयार करतानाच्या त्याच्या वयाचं. हे वाचलं तेव्हा मला फार धीर आला. शिट्टी न वाजल्याचं दुःख काय असतं, हे माहीत असलेल्या माणसानं ती केली आहे.

आवाजाबद्दल कंपनी ११५ डेसिबल म्हणते. माझ्याकडं मोजायचं यंत्र नाही, पण मैदानापुरतं सांगतो: मध्यरेषेवरून वाजवली तर दोन्ही गोलकीपर मान वळवतात, आणि रस्त्यावर एसटीचा हॉर्न चालू असला तरी वळवतात. तो आवाज असा टोचतो कसा, हे मला मिरजेत एका सतारमेकर चाचांनी उलगडून दाखवलं. त्यांचा नातू आमच्याकडं मिडफिल्डला खेळतो. त्याला घरी सोडायला गेलो होतो, चाचा तंबोऱ्याची जवारी लावत बसले होते, तारेखाली दोरा सरकवून कान लावून ऐकत होते. माझ्या मनगटाला लटकणारी शिट्टी बघून म्हणाले, “वाजवा बघू.” एवढ्या लहान खोलीत नको म्हटलं, तर म्हणाले, “वाजवा हो, कान माझे हाईत.” वाजवली. भिंतीला टेकवलेले भोपळे गुणगुणले. चाचांनी ती हातात घेऊन भोकं बघितली, एका भोकावर बोट दाबलं आणि म्हणाले, “आता.” आवाज एकदम साधा, पातळ झाला. बोट काढलं, परत तोच कापणारा आवाज. “तीन सूर हाईत ह्यात,” ते म्हणाले, “शेजारशेजारचे, पन जुळवल्याले न्हाईत. दोन तारा जुळत आल्या आन् शेवटचं इतकुसं ऱ्हायलं की सूर कसा थरथरतो, त्येच हाय हे. आमी ती थरथर घालवायला दिवसभर बसतो. ह्या मानसानं मुद्दाम ठेवलीया.”

नंतर वाचलं तर खरंच तसं होतं. शिट्टीत तीन कप्पे आहेत, प्रत्येकाची पट्टी किंचित वेगळी, आणि त्या एकमेकींवर आपटतात म्हणून आवाज गर्दी फाडून जातो. चाचांना ते एका फुंकरीत कळलं होतं.

पण मी ही शिट्टी घ्या म्हणून आग्रह करतो तो तिच्या मोठ्या आवाजासाठी नाही. हातात आल्यापासून माझं शिट्टी मारणं निम्म्यावर आलं, त्यासाठी करतो. दाण्याच्या शिट्टीवर माझा भरवसा नव्हता. ऐनवेळी वाजेल की नाही या धास्तीनं मी ती कायम ओठात धरून पळायचो आणि धक्का लागला रे लागला की फुंकायचो. खेळाचे तुकडे व्हायचे. आता वाजणार हे पक्कं माहीत आहे, म्हणून मी थांबू शकतो. मिडफिल्डला पाय लागला, पोरगा धडपडला, पण बॉल त्याच्याच संघाकडं राहिला आणि पुढं मोकळी जागा आहे, तर दोन्ही हात पुढं करून ‘प्ले ऑन’ म्हणायचं. दोन-तीन सेकंद बघायचं, फायदा झाला नाही तर मागं येऊन फाऊल द्यायचा. हे दोन-तीन सेकंद मला या शिट्टीनं दिले. नियमांच्या पुस्तकात रेफ्रींसाठी जे मार्गदर्शन आहे त्यातही सांगितलंय की ऊठसूट वाजणाऱ्या शिट्टीचा गरजेच्या वेळी परिणाम होत नाही. थ्रो-इन, गोलकिक, कॉर्नर, उघड उघड गोल, यांना शिट्टी लागतच नाही, हातानं दाखवलं की झालं. आमच्याकडं अजून कित्येक रेफ्री थ्रो-इनलाही जीव खाऊन फुंकतात. मग खऱ्या फाऊलला पोरं थांबत नाहीत, याचं त्यांना नवल वाटतं.

म्हणूनच घेताना गळ्यातल्या दोरीपेक्षा मनगटाचा किंवा बोटात अडकवायचा पट्टा घ्या. शिट्टी हातात ठेवा, तोंडात नको. हात तोंडापर्यंत जायला जो वेळ लागतो, त्यात डोळे एकदा परत बघून घेतात. गळ्यात दोरी अडकून पळताना ती छातीवर आपटते, आणि कुणाचा हात तिच्यात गुंतला तर धोका आहेच.

काही गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. ही शिट्टी हळू वाजत नाही. अर्धवट फुंकर दिली तर अर्धवटच किंचाळते, दम द्यायचा तर पोटातून द्यायचा. आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या सामन्यात मी त्यांच्याकडं तोंड करून वाजवतच नाही, मान बाजूला वळवतो, नाहीतर लहानगी दचकतात. प्लास्टिक कडक आहे. दातात धरायची सवय असेल तर तोंडाशी मऊ आवरण असलेला प्रकार मिळतो, तो घ्या. आणि एकाच मैदानावर शेजारी शेजारी दोन सामने असतील तर दोन्ही रेफ्रींकडं हीच शिट्टी नको. इकडच्या फाऊलला तिकडची पोरं थांबतात. मी वेगळ्या आवाजाची एक जास्तीची शिट्टी खिशात ठेवतो आणि सामन्याआधी शेजारच्या रेफ्रीला विचारून घेतो.

प्रेक्षकांतल्या शिट्ट्यांचं काय, असं मला नेहमी विचारतात. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा दिलबहार या संघांचा सामना बघायला एकदा जाऊन या, म्हणजे गर्दीचा आवाज काय चीज असते ते कळेल. आमच्याकडं तेवढी गर्दी नाही, पण पिपाण्या आणि शिट्ट्या असतातच. बाहेरून कुणी शिट्टी मारली आणि ती रेफ्रीची समजून खेळाडूनं बॉल हातात उचलला, तर तो हँडबॉल द्यायचा नाही. खेळ थांबवायचा आणि ड्रॉप बॉलनं, म्हणजे रेफ्रीनं बॉल खाली टाकून, सुरू करायचा. सामन्याआधी दोन्ही कॅप्टनना माझी शिट्टी मी एकदा वाजवून दाखवतो. त्या तीन सुरांची ओळख एकदा पटली की पोरं फारशी फसत नाहीत.

नकलांपासून जपा. हुबेहूब दिसणारी शिट्टी मी एका दुकानात शंभर रुपयांना घेतली होती, सामानात जास्तीची असावी म्हणून. सांध्यावर कडा खरखरीत, आवाज एकसुरी. चाचांनी बोट दाबून बघितलं, काहीच फरक पडला नाही. “एकच सूर हाय हिच्यात,” म्हणाले आणि परत दिली.

आता टिकण्याबद्दल. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा गावभाग पाण्यात होता. आम्ही विश्रामबागला मेहुण्यांकडं गेलो होतो. पाणी उतरल्यावर घरी आलो तर जमिनीवर वीतभर गाळ, कपाटं फुगून दारं उघडत नव्हती. रेफ्रीची पिशवी खालच्या कप्प्यात होती. बूट गेले, झेंडे कुजले, घड्याळ बंद. ज्या वहीत मी पहिल्या सामन्यापासून प्रत्येक कार्ड लिहून ठेवलं होतं, तिचा लगदा झाला होता. ती वही हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिलो. पिशवीच्या तळाशी गाळाचा एक गोळा होता. टँकरच्या पाण्यात धरला तर आतून शिट्टी निघाली. तिन्ही कप्पे चिखलानं भरलेले. काडीनं उकरले, धुतली, झटकली आणि दारात उभा राहून वाजवली. गल्लीत सगळे आपापला गाळ उपसत होते. समोरच्या काकू घमेलं खाली ठेवून म्हणाल्या, “वाजली की रं.”

धुण्यापलीकडे तिला देखभाल लागत नाही. सामना झाला की नळाखाली धरायची, आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात साबणानं. आणि एकाची शिट्टी दुसऱ्यानं न धुता तोंडाला लावायची नाही, मग तो कितीही जवळचा असो.

गेल्या महिन्यात मी दुसरी मागवली, पहिली चांगली वाजत असताना. कारण चाचांच्या नातवाचा गुडघा गेला. माझं गेलं तेच लिगामेंट. ऑपरेशन होऊन सहा महिने झाले, खेळायला अजून वेळ आहे. तो मैदानाकडं यायचा बंद झाला होता, हे चाचांनी मला फोन करून सांगितलं. मी पुरातली शिट्टी उकळत्या पाण्यातून काढलेल्या कापडानं पुसून, नवीन पट्टा लावून त्याच्या हातात दिली आणि नियमांचं पुस्तक दिलं. डॉक्टरांनी हलकं पळायची परवानगी दिल्यावर परवाच्या रविवारी बारा वर्षांखालच्या पोरांचा एक सामना त्यानं घेतला, वीस-वीस मिनिटांचा. मी लाइनवर झेंडा घेऊन उभा होतो. पहिल्या हाफमध्ये सुरुवातीची आणि शेवटची धरून त्यानं शिट्टी सहा वेळा मारली. एकदा फाऊल दिसला तेव्हा हात तोंडापर्यंत गेला, थांबला, आणि मग दोन्ही हात पुढं करून तो ओरडला, “प्ले ऑन!”