वडिलांची जुनी फोर बाय फोर: मूळ रूपात आणायची की सुधारून घ्यायची?

गाडी विकायची नाही, एवढं एकच सगळ्यांचं पक्कं असतं. त्यापुढे सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, स्क्रूसुद्धा मूळचाच हवा, नाहीतर ती वडिलांची गाडी राहिली कुठे? दुसरा म्हणतो, वरचा पत्रा ठेव आणि खाली नवं इंजिन, पॉवर स्टिअरिंग, मोठे टायर, सगळं टाकून दे. दोघंही अख्खी गाडी एकाच बाजूला ओढतात. मी दोन्हीकडे थोडा थोडा भरकटून आलोय. खरा निर्णय एकेका भागाचा असतो, आणि त्याआधीचं निम्मं काम दोन्ही वाटांवर तेच असतं.

माझ्याकडे बाबांची सीजे-३बी आली, उंच बॉनेटची जीप. विलीजने हे मॉडेल १९५३ मध्ये आणलं. इनटेक व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत घेणारे) ब्लॉकमधून वरच्या हेडमध्ये गेले, इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेटही वर उचलावं लागलं. दुसऱ्या महायुद्धातल्या एमबी जीपचं इंजिन २.२ लिटरचं आणि ६० हॉर्सपॉवरचं होतं. हेही तेवढ्याच लिटरचं, ताकद किंचित जास्त. हे ध्यानात ठेवा, इंजिनाच्या वादात लागेल.

आधी चेसिस, मग वाद

हातोडी घ्या आणि चेसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्यावर, ठोकत जा. धड पोलाद खणखणतं, आतून कुजलेलं बद्द वाजतं. संशय आला तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) हँगर, मागचा क्रॉसमेंबर (आडवा दांडा) आणि चिखल साठतो ते कोपरे आधी पाहा. सिरीज लँड रोव्हर असेल तर चकचकीत पत्र्याला भुलू नका. १९४८ पासून तिची बॉडी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची आहे, ती तांबडी पडत नाही. खालची चेसिस मात्र पोलादाची, आणि ती निवांत गंजत असते.

चेसिस धड असेल तर दोन्ही वाटा मोकळ्या. तुकडे जोडून भागणार नसेल तर ‘अगदी मूळ’ ही वाट तिथेच जवळपास संपते. नव्या चेसिसबरोबर नंबरचा आणि कागदपत्रांचा प्रश्न येतो. तो आणि गाडी तुमच्या नावावर करण्याचं काम, दोन्ही स्पॅनर उचलण्याआधी उरका.

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी लगेच स्टार्टर मारून बघायची नाही. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दुसऱ्या दिवशी इंजिन हाताने फिरवा. टाकीतलं जुनं पेट्रोल चिकट झालेलं असतं, ते फेकाच. नंतर कॉम्प्रेशन मोजा. एखादा सिलिंडर कमी दाखवला तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. जागचा हलला नाही तर बहुधा व्हॉल्व्ह गळतोय.

ब्रेक: इथे मी मूळवाद्यांचं ऐकत नाही

जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम आणि मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब ऑइलमधून चाकांकडे पाठवणारा पंप, एकाच सर्किटचा. म्हणजे ऑइलचा एक होज (रबरी नळी) फुटला की पेडल थेट फळीला टेकतं. चारही ब्रेक एकदम गेले. शिवाय ओढ्यातून बाहेर पडल्यावर ड्रममध्ये पाणी राहतं आणि पुढची काही वळणं देवाच्या भरवशावर जातात. डिस्क ब्रेकची उघडी चकती लगेच पुसून निघते.

मूळ ठेवायचंच असेल तर व्हील सिलिंडर, होज आणि पाइप सगळे नवे टाका, आणि निदान दोन सर्किटचा मास्टर बसवा. बाहेरून कोणाला कळतही नाही. पुढे डिस्क टाकणार असाल तर काम तेवढ्यावर संपत नाही. कॅलिपरला (पॅडने डिस्क आवळणाऱ्या भागाला) ऑइल जास्त लागतं, म्हणून जुना मास्टर पुरत नाही. ड्रमसाठी लाइनमध्ये जो दाब राखून ठेवलेला असतो, तो डिस्कला चालत नाही, पॅड घासत राहतात. जुन्या रिमच्या आत कॅलिपर मावतो का, तेही आधी मोजा. अर्धवट डिस्कपेक्षा नीट जमवलेले ड्रम कधीही बरे.

इंजिन: इथे मी मूळवाद्यांच्या बाजूला

नव्या इंजिनाचा मोह सगळ्यात मोठा आणि सगळ्यात फसवा. इंजिन एकटं येत नाही. त्याच्याबरोबर अ‍ॅडॅप्टर प्लेट, नवे माउंटिंग, मोठा रेडिएटर, क्लच आणि लांबी बदललेले प्रॉपेलर शाफ्ट (ताकद अ‍ॅक्सलपर्यंत नेणारे दांडे) येतात. सायलेन्सरचा पाइप स्टिअरिंगच्या आड येतो, तोही वळवावा लागतो. एवढं करून ताकद दुप्पट झाली की दुबळा भाग फक्त मागे सरकतो, आधी गिअरबॉक्स, मग अ‍ॅक्सल शाफ्ट. एमबी जीपच्या अ‍ॅक्सलचा रेशो ४.८८, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्टचे जवळजवळ पाच फेरे. तो चिखलातून ओढायला आहे, पळायला नाही. हायवेवर नवं इंजिनही त्याच गिअरिंगवर किंचाळत राहतं.

उलट मूळ इंजिन उतरवून बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगा केल्या की पुढची कित्येक वर्षं ते हातपान्यावर चालतं. वेग तेवढाच राहणार, हे मात्र मनाला पटायला हवं. रोज लांबचा हायवे गाठायचा असेल तर नवं इंजिन समजू शकतो. पण मग त्या कामाला मूळ गाडी हवीच आहे का, हेही स्वतःला विचारा.

ब्लॉकलाच भेग गेली असेल तर गोष्ट वेगळी. तरी मूळ इंजिन भंगारात देऊ नका. ग्रीस लावून कोपऱ्यात ठेवा.

बाकीचं थोडक्यात

वायरिंग पूर्ण नवं करा, फ्यूज आणि रिलेसकट. जुन्या वायरचं कापडी वेष्टण भुगा होऊन गळतं, आणि या जीपची पेट्रोल टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. अजून काही सांगायला हवं? डायनामोच्या जागी अल्टरनेटर घेतला तर इंजिन चालू ठेवून गाडी उभी असतानाही बॅटरी चार्ज होते. सहा व्होल्टची गाडी बारावर नेताना बल्ब, कॉइल आणि मीटर बदलावे लागतील. पॉइंटच्या (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या टोकांच्या) जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली लपतं आणि कधीही परत काढता येतं, म्हणून ते दोन्ही पक्षांना चालतं.

टायरवर नक्षी शिल्लक आहे म्हणून खूश होऊ नका. कडेवरचे शेवटचे चार आकडे बघा: २३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर गेल्या शतकातला आहे. मोठे टायर दिसतात छान, पण गिअरिंग जड होतं, ब्रेकवर भार वाढतो आणि स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो. उंची वाढवायला शॅकल (पाटे चेसिसला जोडणारे दुवे) लांब केले की कॅस्टरचा कोन, म्हणजे चाक सरळ ठेवणारा स्टिअरिंगचा कल, बिघडतो, आणि स्टिअरिंग सरळ रस्त्यावरही भटकतं. पाटे उघडून साफ करा, बुश नवे टाका. निम्मा धक्का तिथेच कमी होतो.

रंगाबद्दल मात्र सांगायलाच हवं. बाबांनी बॉनेटच्या आतून पांढऱ्या ऑइल पेंटने टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्हजवळ सोडायची फट) लिहून ठेवला होता. आकडे थोडे तिरके, शेवटच्या आकड्याखाली रंगाचा ओघळ. मी पेंटरला ‘आतूनही करून टाका’ म्हणालो. संध्याकाळी जाऊन पाहतो तर गुळगुळीत प्रायमर. गॅपचा आकडा मॅन्युअलमध्ये मिळाला. म्हणून काहीही सोडवण्याआधी गाडीचा कोपरा न् कोपरा फोटोत घ्या. ज्याला हात लावायचा नाही त्यावर चिकटपट्टी लावून तसं लिहा. गिअरच्या दांड्यावरचा झिजलेला गोळा माझ्याकडे तसाच वाचला.

तरीही ठरत नसेल तर ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग आणि टायर एवढंच करून गाडी सहा महिने चालवा. जे खटकेल ते डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या वहीत लिहीत जा. माझ्या यादीत नऊ गोष्टी निघाल्या. पहिली होती सीटची गादी, दुसरी वायपर. इंजिन त्या यादीत आलंच नाही.