कॅव्हियार: मूळ डबी की पुन्हा भरलेली?

दोन्हींत माल एकच असू शकतो, पाळलेल्या स्टर्जन माशाची गाभोळी. मूळ डबी मत्स्यपालन केंद्रातच भरून सीलबंद होते; दुसरी व्यापारी मोठ्या डब्यातून काढून भरतो. चवीचं विचाराल तर मला पुन्हा भरलेली बरेचदा सरस वाटली. भरणारा दाणा पाहून, चाखून निवडतो. शिवाय हवं ते माप मिळतं.

माझी काळजी अँटिबायोटिकची होती. मासा पाळला की कधीतरी औषध आलंच. औषधानंतर ठरावीक काळ मासा कापायचा नसतो, आणि थंड पाण्यात औषध शरीरातून सावकाश उतरतं म्हणून तो काळ अंश-दिवसांत मोजतात: 500 अंश-दिवस म्हणजे 10 अंशांच्या पाण्यात 50 दिवस. तो पाळला की नाही, हे जिभेला कळायचं नाही. पाश्चराइज केलेल्या बरणीत लिस्टेरिया या जिवाणूची भीती कमी, पण औषधाचे अवशेष तेवढ्या उष्णतेला दाद देत नाहीत. मग भरवसा उरतो तो तपासणी अहवालावर.

गाडं अडलं ते तिथेच. सायटीस, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, त्याचं लेबल दोन्ही डब्यांवर असतं. मूळ डबीवर काढणीचं वर्ष आणि केंद्राचा नोंदणी क्रमांक असतो. पुन्हा भरलेलीवर वर्ष भरल्याचं आणि क्रमांक भरणाऱ्याचा. भरणाऱ्याकडे मी अहवाल मागितला, तो लगेच आलाही. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान ही अँटिबायोटिकं, मॅलाकाइट ग्रीन हे बुरशीवरचं औषध, सगळ्यांपुढे ‘आढळले नाही’. पण अहवालावरचा लॉट क्रमांक एक आणि डबीवरचा भलताच. नमुन्याच्या रकान्यात ‘मांस’. दोन्ही लॉट जोडणारी नोंद मागितली, तर ‘माल तोच आहे’ एवढंच उत्तर. असेलही तोच. पण मॅलाकाइट ग्रीनचं शरीरात जे रूप होतं ते चरबीत टिकून राहतं, आणि गाभोळी चरबीयुक्त असते. मांसाचा अहवाल तिला कसा पुरणार?

मूळ डबीच्या केंद्राला मी फक्त लॉट क्रमांक कळवला. अहवाल आला त्याच क्रमांकाचा, नमुना गाभोळीचा.

सगळेच भरणारे असे असतील असं मी म्हणणार नाही. कुणी मूळ लॉटची नोंद दाखवत असेल, तर त्याची डबी खुशाल घ्या. मी मात्र आता मूळ डबीच घेतो, माप जरा मोठं पडलं तरी. उघडल्यावर दोन-तीन दिवसांत संपवायला घरात माणसं असली म्हणजे झालं.