सांगलीच्या गावभागातलं आमचं किराणा दुकान : लॉकडाऊनपासून बघतेय

मी या दुकानाची गिऱ्हाईक लग्न होऊन सांगलीत आले तेव्हापासूनची, पण दुकान खरं कळलं ते 2020 ला. त्याच्या आदल्या ऑगस्टमधल्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा गावभागातल्या बाकीच्यांसारखं यांचंही दुकान बुडालं, साखर डाळी पोती सगळं गेलं, भिंतींची ओल जाऊन रंग दिला न दिला तोच मार्च आला. 22 ला जनता कर्फ्यू, 23 ला इस्लामपुरात कोरोनाचे चार पेशंट सापडले आणि सगळा जिल्हा धसका घेऊन घरात बसला.

तोवर आमच्यात महिन्याची यादी वगैरे प्रकारच नव्हता. चहाला साखर नाही, पिटाळ पोराला. पाव किलो शेंगदाणे, एक काड्यापेटी, असंच. आणि मी स्वतः गेले की पंधरा मिनिटं तिथंच, कुणाची सून माहेराहून आली, कुणाच्या पोराला पुण्यात नोकरी लागली सगळं त्या काउंटरवर कळायचं. ते एका दिवसात थांबलं. दुकानदार काकांनी रस्त्यावर चुन्यानं गोल आखले, दाराला दोरी बांधली आणि आतून सूप पुढं करायला लागले, आपण पैसे सुपात ठेवायचे, मग त्याच सुपातनं माल यायचा. यादी आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर. आमच्या आत्यांना (सासूबाई) टायपिंग जमत नाही, तर त्या व्हॉइस मेसेज करायच्या आणि काका तो ऐकून बरोबर माल काढायचे, ज्वारी कुठली लागते तेही त्यांना पाठ.

दराचं मुद्दाम सांगते. सरकारनं तेव्हा तीन पदरी मास्कला 10 रुपये आणि 200 मिली सॅनिटायझरला 100 रुपये ठरवून दिले होते, आम्हाला दुसरीकडं त्याच्या कितीतरी जास्त पडले, इथं पाटीवर खडूनं दर लिहिलेला असायचा आणि तेवढेच घ्यायचे. तेलाच्या पिशव्या घरटी दोनच, मग कितीही ओळखीचा असू दे.

पण मी हे लिहितेय ते एप्रिल 2021 साठी. दुकानं सकाळी 7 ते 11 एवढीच उघडी, आणि आमच्या घरात तिघं पॉझिटिव्ह. कुणाला सांगितलं नव्हतं, लोक कसे बघतात याची भीती वाटायची. मी नेहमीसारखी यादी पाठवली तर दहा मिनिटात काकांचा फोन, "ताई, यादीत चटणीचं सामान न्हाई, लसूण न्हाई, नुसती मूगडाळ अन् साबुदाणा. कोण आजारी हाय काय घरात?" मला बोलताच येईना, रडायलाच आलं. त्यानंतर पंधरा दिवस त्यांचा मुलगा रोज गेटवर पिशवी अडकवून बेल वाजवून लांब उभा राहायचा, आम्ही पिशवी घेतलेली बघितल्यावरच जायचा. पैशाचं म्हटलं की "वहीत मांडलंय, बरं व्हा आधी." सगळे बरे झालो. जुलैत परत पूर आला पण तेव्हा काकांनी माल वेळेत वर हलवला होता.

आता चुन्याचे गोल गेले, दोरी गेली, सूप मात्र आत खिळ्याला टांगलेलं आहे. व्हॉट्सअॅपची सवय राहिली ती राहिलीच. आत्या आधी रोज संध्याकाळी दुकानापर्यंत चालत जायच्या, आता घरात बसूनच मेसेज करतात आणि ते मला खटकतं, म्हणून हल्ली एखादी वस्तू यादीतनं मुद्दाम गाळते आणि त्यांना सोबत घेऊन जाते.

माल म्हणाल तर हळद आणि शेंगदाणे एक नंबर, गूळही चांगला. तांदळात एकदा टोके निघाले होते, न बोलता बदलून दिला. पॅकिंग साधं, कागदी पुडे. दुपारी दुकान बंद असतं आणि सणाच्या आधी गर्दी फार होते, तेव्हा यादी आदल्या रात्रीच पाठवा आणि घ्यायला मात्र स्वतः जा.