डोक्कू आठ महिने वापरल्यावर: ॲप चढवणं सोपं झालं, फोटो मात्र घालवले

मी सोलापुरात छोट्या धंदेवाल्यांना वेब ॲप्लिकेशन्स करून देतो, बहुतेक टॉवेल-चादरवाले, एक दालमिल, दोन क्लास. एकूण सात ॲप. मे महिन्यापर्यंत सगळं एका उबुंटू सर्वरवर हातानं चालायचं, म्हणजे एन्जिनेक्सची (वेब सर्वर) फाइल लिहा, गनिकॉर्न (पायथन ॲप चालवणारा प्रोग्रॅम) सिस्टिमडीत टाका म्हणजे तो आपोआप चालू राहतो, एचटीटीपीएसच्या सर्टिफिकेटसाठी सर्टबॉट चालवा, आणि एकाचं जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) जुनं तर दुसऱ्याचं नवं, ह्याला हात लावला की ते रुसायचं. नवीन ॲप चढवायला अख्खी दुपार जायची, आणि मेमधली सोलापूरची दुपार, त्यात लाईट गेली की राऊटर बंद आणि एसएसएच, म्हणजे सर्वरशी लांबून जोडलेलं कनेक्शन, मधेच तुटलेलं.

म्हणून नवा सर्वर घेतला आणि डोक्कू टाकलं, म्हणजे आपला कोड दिला की ॲप सर्वरवर उभं करून देणारं फुकट सॉफ्टवेअर. नाव ऐकून हसू आलं, पण खरंच डोकं कमी लागतं. हे २०१३ पासूनचं आहे, सुरुवातीला जेमतेम शंभर ओळींची बॅश स्क्रिप्ट होती, आता बरंच मोठं झालंय, पण कल्पना तीच, हेरोकू ही कंपनी कोड घेऊन ॲप आपल्याकडं चालवून देते, तसंच पण स्वतःच्या सर्वरवर. हेरोकूचा फुकट प्लॅन २०२२ च्या नोव्हेंबरात बंद झाला तेव्हाच इकडं यायला हवं होतं, आळस केला.

सर्वरवर ॲपचं नाव तयार करायचं, आपल्या लॅपटॉपवरून गिट पुश करायचं, म्हणजे कोड तिकडं पाठवायचा, बास. रिक्वायरमेंट्सची फाइल बघून ते पायथन आहे हे स्वतःच ओळखतं, प्रॉकफाइलमधी एक ओळ लिहिली की काय चालवायचं ते कळतं. प्रत्येक ॲप आपापल्या कंटेनरात, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या बंद डब्यात, त्यामुळं जँगोची भांडणं मिटली. नवीन कंटेनर १० सेकंद धड उभा राहिला तरच गिऱ्हाइकाला तिकडं वळवतं, जुना आणखी ६० सेकंद ठेवून मग बंद करतं. भर दुपारी पुश करतो आता, पूर्वी रात्री अकरानंतर करायचो. पोस्टग्रेस डेटाबेसचं प्लगिन टाकलं की डेटाबेस तयार करा, ॲपला जोडा, पत्ता आपोआप ॲपच्या एन्व्हायर्नमेंटमधी (सेटिंगमधी) येतो, पासवर्ड कुठं लिहून ठेवायची भानगड नाही.

एचटीटीपीएस पण एका कमांडचं काम. पहिल्यांदा मीच गडबड केली, डोमेनचा ए रेकॉर्ड (नाव कुठल्या सर्वरवर जायचं ते सांगणारी डीएनएसची नोंद) नव्या सर्वरकडं वळायच्या आत कमांड मारली, फेल, परत मारली, परत फेल. फुकट सर्टिफिकेट देणारं लेट्स एन्क्रिप्ट एका नावाला तासाला ५ फेल झाले की दार लावून घेतं. चहा पिऊन आलो तोवर डीएनएस पण वळलं होतं. सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, तेव्हा रिन्यूचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) जोडायची कमांड लगेच त्याच दिवशी मारा, नंतर करू म्हणलं की राहतंच.

आता फोटोंचं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलवाल्या मामांचं ऑर्डरचं ॲप आहे, डिझाइनचे फोटो ते स्वतः चढवतात. ऑगस्टमधी एक बटणाचा रंग बदलून पुश केलं, सगळं हिरवं, खुश. अर्ध्या तासानं मामांचा फोन, "काय केलास रे बाबा, समदे टॉवेल गायब झाले की." फोटो कंटेनरच्या आतच साठत होते, पुश केलं की जुना कंटेनर जातो आणि त्याच्यासोबत त्यातलं सगळं. डेटाबेसात नावं जशीच्या तशी, चित्रं शून्य. स्टोरेज माउंट करून बाहेरचं फोल्डर आत जोडायचं असतं हे कागदपत्रात स्वच्छ लिहिलंय, मी वाचलं नव्हतं. मामांच्या पोरानं व्हॉट्सॲपमधून निम्मे शोधून दिले, बाकीच्यांचे गोडाऊनमधी बसून परत काढले, दोन दिवस मी आणि तो टॉवेल उलगडतोय. आता कुठलंही ॲप चढवायच्या आधी स्टोरेज माउंट करतो, आणि रात्री पोस्टग्रेसचा डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) आणि ते फोल्डर दोन्ही घरच्या मशीनवर ओढतो.

रॅम जपा. किमान १ जीबी सांगतात, पण बिल्ड, म्हणजे कोडातून चालणारं ॲप तयार करणं, सर्वरवरच होतं, आणि नोडचं बिल्ड माझ्या १ जीबीवर दोनदा मेलं, २ जीबी स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) दिल्यावर सुटलं. कंटेनरच्या जुन्या इमेज (बिल्डच्या प्रती) साचून डिस्क पण भरते, मधूनमधून डोक्कूची क्लीनअप चालवा. आणि फुकट डोक्कूला वेब पॅनेल नाही, सगळं काळ्या स्क्रीनवर. ज्यांना बटणं लागतात त्यांनी कॅपरोव्हर नाहीतर कूलिफाय, असलीच पण पॅनेलवाली सॉफ्टवेअर, बघावीत. मला उलट बरं पडतं, कमांड वहीत लिहून ठेवल्यात, क्लासच्या ॲपचं काम बघणारा पोरगा बीएस्सीला आहे, तो पण वही बघून पुश करतो.

सहा ॲप इकडं आली. दालमिलचं पीएचपी अजून जुन्या सर्वरवर, म्हणजे दोन्हीचं भाडं भरतोय. मालक म्हणतात गड्डा (सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा) संपू दे, मग हात लाव.